खनिजाच्या वर्गातला आवाज

शनिवार, २९ नोव्हेंबर

आज पुन्हा बाकावर बसलो. शिक्षकाच्या खुर्चीवर नव्हे, चांगला पोरांच्या बाकावर. बाकावर कुणीतरी कर्कटकानं आपलं नाव कोरलं होतं, त्यावरून बोट फिरवलं आणि मन भरून आलं. खडूचा वास तेवढा नव्हता. आता पांढऱ्या फळ्यावर पेनानं लिहितात.

हे सगळं सूनबाईंमुळे. मंगल आमच्या वाडीची सरपंच आहे. जिल्ह्यातल्या सरपंचांसाठी एका संस्थेनं बीडला खनिज कायद्याचा वर्ग काढला आहे, पाच शनिवारांचा. जमिनीच्या पोटात जे असतं ते कुणाचं, दगड-वाळू-मुरूम कुणी कुणाला विचारून काढायची, गावाचा त्यात किती अधिकार, असं सगळं. एरवी सरपंचपदाची कामं माझा मुलगा परमेश्वर बघतो आणि मंगल सही करते. पण या वर्गाला जिचं नाव तिनंच यायचं, असा दंडक आहे. शिवाय परमेश्वर ट्रॅक्टर घेऊन कारखान्यावर, ऊस वाहायला. मला फोनवर म्हणाला, "आबा, तुमीच जा संगं. तिला एकटीला काय कळणार हाय?"

मला काय, वर्ग म्हटला की मी निघालोच.

वाडीजवळच्या पालीहून एसटीनं गेलो. मी पुढं ड्रायव्हरच्या मागं, ती मागं बायकांत. आमच्याकडं सून सासऱ्याशी बोलत नाही, समोर बसत नाही. माझी बायको जानकीबाई माझ्या वडिलांशी उभ्या जन्मात एक शब्द बोलली नाही. मी नोकरीच्या गावीच राहिलो आणि जानकीबाई गेल्यावर, दोन वर्षांपूर्वी, वाडीला राहायला आलो. तेव्हापासून मंगलचं माझ्याशी जे काही बोलणं होतं ते नातीच्या, दिपालीच्या तोंडून. "आबाला म्हणावं, पाणी काढलंय." दिपाली शाळेत असली तर चौकटीला सांगते. पदराआडून, कुजबुजल्यासारखं.

वर्ग एका शिकवणीच्या हॉलमध्ये आहे. भिंतीवर डॉक्टर झालेल्या पोरांचे फोटो. शिकवायला संस्कृतीबाई म्हणून एक तरुण वकील आहेत, आवाज खणखणीत. त्यांनी विचारलं, "जमीन तुमची, तर खालचा दगड कुणाचा?" सगळे गप्प. मंगल माझ्या शेजारच्या बाकावर, तीही गप्प. मग मीच हात वर केला आणि जागच्या जागी जुळलं ते म्हणून टाकलं:

काळ्या पाषाणाच्या पोटी
कुणी ठेविली दौलत मोठी?

सगळे हसले, संस्कृतीबाईसुद्धा. मंगलनं पदर नाकापर्यंत ओढला. बिचारीला विषय जड जातो आहे. मी जवळ आहे, तेवढाच तिला आधार.

रविवार, ३० नोव्हेंबर

हॉटेलात चहाला गेलो तर लोकांनी घेरलं, गुरुजी, काय शिकलात सांगा. सांगितलं. देशाला निकड असलेली काही खनिजं असतात, लिथियम, कोबाल्ट आणि आणखी काही. मोबाईलची बॅटरी, विजेची मोटार, सगळं त्यांच्यावर. सरकार देशभर शोध घेत आहे. आता आपला भोरड्याचा माळ बघा, म्हटलं. हजारो वर्षं उन्हापावसात तप करत बसलेला. त्याच्या पोटात काय आहे हे आपल्याला कुठं माहीत? उद्या त्यातून लिथियम निघालं तर वाडीचं नाव दिल्लीत जाईल.

संस्कृतीबाई काळ्या दगडाबद्दल नंतर आणखी काहीतरी सांगत होत्या खऱ्या, पण तेव्हा खिडकीबाहेर एक पोपटांचा थवा चालला होता आणि माझं लक्ष तिकडं गेलं.

शेजारच्या गावचा बंकट बसला होता, खडी-क्रशरवाला. त्यानं माझ्या चहाचे पैसे दिले. "गुरुजी, ह्ये परमेश्वरला सांगितलं का न्हाई?" म्हणाला. मोठ्या धंद्याचा माणूस, पण ऐकायची आवड आहे.

शनिवार, १३ डिसेंबर

दुसरा वर्ग. खाणपट्टा म्हणजे काय, कुणाला मिळतो, किती वर्षांचा असतो. गायरानातला दगड द्यायचा तर ग्रामसभेचं मत कसं घेतात. माझ्या वयाला एका जागी फार बसवत नाही. लघवीला म्हणून उठलो आणि येताना गॅलरीत उभा राहिलो. आत एक बाई बोलत होती.

काय आवाज. गावरान, पण एक शब्द वाया नाही. म्हणत होती, "ताई, दगड सरकारचा, मुरूम सरकारचा, वाळू सरकारची. मग धूळ कुणाची? धूळ तर आमच्याच भाकरीवर येऊन बसती. तिचा काय कायदा हाय का न्हाई?"

वर्ग हसला. मग संस्कृतीबाईंनी धुळीचाही नियम सांगितला. वस्तीपासून अंतर, पाणी मारणं, सुरुंगाची वेळ. त्या बाईनं पुन्हा विचारलं, अंतर कुठून मोजायचं, घराच्या भिंतीपासून का अंगणापासून? कारण पोरं अंगणात असतात. मी दाराला टेकून ऐकत राहिलो. पाठांतर स्पर्धेत चाळीस पोरं येतात आणि एखादीच अशी असते की परीक्षक पेन खाली ठेवतो. तसं झालं.

आत शिरलो तर आवाज बंद. सगळ्या बायका पदर घेऊन बसलेल्या, कोण बोललं कळेना. गेवराईकडच्या सुंदरबाई आहेत, गोदाकाठच्या एका गावच्या सरपंच, माझ्याच वयाच्या. त्यांना विचारलं, आत्ता कोण बोलत होतं? त्या म्हणाल्या, "असंल कुणीतरी," आणि तोंडात तंबाखूची चिमूट टाकली.

बसमध्ये चढण्याआधी मी, कुणाकडं न बघता, म्हणालो, अशी असावी सरपंच. तिच्याकडून शिकावं. मंगल तोंड फिरवून उभी होती. खांदे हलत होते. थंडी वाजत असावी. स्वेटर आणायला हवा.

मंगळवार, १६ डिसेंबर

परमेश्वर एका दिवसासाठी आला आहे, कारखाना दुरुस्तीला बंद. बंकटही संगं होता. ओसरीवर बोलणं झालं, आणि सांगायला आनंद वाटतो की विषय मी हॉटेलात काढला होता तोच.

बंकटचं म्हणणं असं. माळात लिथियम आहे हे गुरुजींसारखा शिकलेला माणूस सांगतो म्हणजे सरकार माळ घेणारच. मग मेंढरं बंद, सरपण बंद, गावाच्या हाती काही नाही. त्यापेक्षा आधीच ग्रामसभेत ना-हरकत देऊन माळ खडी-क्रशरला दिला तर गावाला रस्ता होईल आणि परमेश्वरच्या ट्रॅक्टरला बारमाही काम मिळेल. उसामागं फिरणं सुटेल. सव्वीस जानेवारीची सभा बरी, तेव्हा निम्मी वाडी ऊसतोडीला गेलेली असते, गर्दी नाही, भांडणं नाहीत. परमेश्वरचं डोकं लहानपणापासून व्यवहारी.

माझ्या बोलण्यातून एवढी मोठी योजना निघाली, याचं मला अप्रूप वाटलं. आत स्वयंपाकघरात एक पातेलं पडलं, चांगलं जोरात. मांजर असेल.

शनिवार, २० डिसेंबर

तिसरा वर्ग. आज मी मुद्दाम बाहेर गेलो. लबाडीच म्हणायची. खालच्या टपरीवरून चहा घेतला आणि गॅलरीच्या पायरीवर बसलो. आणि ती बोललीच.

आज तिचा प्रश्न ग्रामसभेचा होता. "ताई, गाव उसात असताना गावाचं मत कसं घ्यायचं? मुकादमाला फोन लावून इचारायचं का?" पुन्हा हशा. पण ती थांबली नाही. दिवाळीनंतर घराला कुलूप लागतं, म्हणाली, म्हातारी आणि शेळ्या तेवढ्या मागं राहतात, आणि नेमकं तेव्हाच कागद फिरतात. संस्कृतीबाई म्हणाल्या की विषय महत्त्वाचा आणि माणसं हजर नाहीत असं वाटलं तर तो पुढच्या सभेत घ्यावा, असा ठराव सभेलाच करता येतो, आणि अध्यक्ष सरपंचच असते, तिच्या नवऱ्याला तिथं बोलायचं असेल तर इतर गावकऱ्यांसारखं हात वर करून बोलावं. यावर बायकांनी टाळ्या वाजवल्या.

मी दुसरा चहा घेतला. त्या आवाजासाठी आणखी एक घेतला असता. घरी आल्यावर दोन ओळी जुळल्या:

भिंतीआडुन येई वाणी,
खडकामधुनी जैसे पाणी.

मंगलच्या कानावर पडाव्यात म्हणून दिपालीला मोठ्यानं म्हणून दाखवल्या. दिपाली म्हणाली, "आई हसतीय आबा."

शनिवार, ३ जानेवारी

आज वर्ग सुटल्यावर न राहवून सुंदरबाईंना गाठलं. म्हटलं, एवढं सांगा, त्या बाईचं गाव कोणतं? मला तिचा शाल देऊन सत्कार करायचा आहे.

त्यांनी माझ्याकडं एकवार बघितलं. "गुरुजी, तुमी खरंच येडे हाव का सोंग घेताव?"

मी म्हटलं, सोंग कसलं?

"तुमची सून हाय ती. तुमी बाकावर हाय तवर मुकी. तुमी लघवीला गेलात का तोफ सुटती. सगळ्या वर्गाला म्हाईत हाय. आमी तर वाट बघताव, गुरुजी कवा उठत्यात." मग जरा मऊ होऊन म्हणाल्या, "लई हुशार पोर हाय. तुमच्या घरात हाय आन् तुमाला म्हाईत न्हाई, कावून?"

बसस्टँडपर्यंत मंगल दहा पावलं मागून येत होती. मला मागं वळून बघायचं होतं, बघितलं नाही.

सोमवार, ५ जानेवारी

काल दिवसभर वही उघडली नाही. अभिमान वाटतो आणि राग येतो, दोन्ही एकाच वेळी. राग कुणाचा, हे ठरत नाही. मी तिला कधी बोलू नको म्हटलं? मी कधी आवाज चढवला? मी तर पोरींना व्यासपीठावर उभं करणारा मास्तर. गावोगावच्या पोरी माझ्या हाताखाली भाषणं शिकल्या. आणि घरातली पोर मी पाठ फिरवायची वाट बघते.

तरी एक गोष्ट खरी. तो आवाज तिचा आहे, हे कळल्यापासून मी मनातल्या मनात चार माणसांना ते सांगितलं आहे.

गुरुवार, ८ जानेवारी

भोरड्याच्या माळावर गेलो होतो. शाळू निसवला आहे, दाणे टिपायला भोरड्यांचे थवे ढगासारखे उतरतात. सटवा मेंढरं घेऊन बसला होता. त्याची पोरं, सुना सगळी उसाला, हा आणि मेंढरं मागं. मला बघून उठला आणि एकदम म्हणाला, "गुरुजी, माळात काय निघालंय म्हनं? सरकार येनार म्हनं. आमाला उठवनार?"

कुणी सांगितलं, विचारलं.

"तुमीच सांगितलं म्हनत्यात. बंकटशेट सांगत फिरतोय, गुरुजीचा शब्द हाय."

मी काहीतरी बोललो, की अजून नक्की नाही, शोध चालू आहे. तो ऐकत होता पण त्याचं लक्ष मेंढरांकडं होतं. दिवाळीनंतर ही मेंढरं कोकणाच्या बाजूला न नेता इथंच निभावतात, कारण हा माळ आहे, असं तो सांगत राहिला. माळ गेला तर विकायची. विकून मग काय करायचं, ते त्याला माहीत नव्हतं.

घरी आलो आणि दिपालीला म्हटलं, आईला विचार, आपल्या माळात लिथियम आहे का?

दिपाली आत गेली, बाहेर आली. "आई म्हनती, न्हाई."

नक्की?

पुन्हा आत, पुन्हा बाहेर. "आई म्हनती, आपला दगड वेगळा हाय, त्यात ते घावायची आशा न्हाई असं ताईंनी पहिल्याच दिवशी सांगितलंय. तवा आबा खिडकीबाहेर पोपट बघत होते."

शनिवार, १० जानेवारी

शेवटचा वर्ग. प्रत्येकीनं पुढं येऊन आपल्या गावाच्या खनिजाबद्दल बोलायचं होतं. सुंदरबाई वाळूवर बोलल्या, ट्रकवाल्यांची नक्कल करून. मग मंगलचं नाव.

मी ठरवलं होतं की उठायचं नाही. मी काय वाघ आहे? माझ्यासमोर बोलू दे, मला ऐकायचं आहे, माझा तो हक्क आहे. मी तिच्याकडं बघून मान हलवली, बोल, बोल, अशी. पोरांना देतो तसा धीर दिला.

ती उभी राहिली. पदर सारखा केला. संस्कृतीबाईंनी दोनदा सुचवलं, भोरड्याच्या माळाबद्दल सांगणार होतात ना? सुंदरबाई माझ्याकडं बघून डोळ्यांनी दार दाखवत होत्या. मी बसून राहिलो. मंगल फळ्याकडं बघत उभी राहिली आणि मग खाली येऊन बसली. पुढचं नाव पुकारलं.

प्रमाणपत्र तिला मिळालं. परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसून पदरानं डोळे पुसत होती. डोळ्यात कचरा गेला असं मागच्या महिन्यात मी लिहिलं असतं.

मी आयुष्यात एका पोरीला वर्गात बोलायला लावू शकलो नाही, असं आज पहिल्यांदा झालं.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ दिपालीच्या हातून आला. "आई म्हनती, गोड बोला." मी म्हटलं, आईला सांग, तूही बोल. दिपाली आत गेली. बाहेर आली ती नुसती आणखी एक वडी घेऊन.

रविवार, २५ जानेवारी

परमेश्वर आला आहे. उद्याची तयारी जोरात आहे. बंकटनं माइक, भोंगा, खुर्च्या सगळं आपल्या गाडीतून पाठवलं. ग्रामसेवकाच्या विषयपत्रिकेवर माळाचा विषय आहे. परमेश्वरनं स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून मंगलला सगळं समजावून सांगितलं. तू नुसती उभी राहा, बोलायचं मी बोलतो, ग्रामसेवक सांगेल तिथं सही कर. ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. तो मात्र बाहेर येऊन म्हणाला, "आबा, तुमी पुढं खुर्चीवर बसा उद्या. तुमी समोर असले म्हंजी सगळं शांततेत व्हतं."

तो हे सहज म्हणाला, की जाणून? मुलाबद्दल असा विचार करणं बरं नाही. तरी मनातून जात नाही.

सोमवार, २६ जानेवारी

आज पानं पुरणार नाहीत, पण लिहायचं सगळं.

झेंडावंदन झालं. पोरांनी कवायत केली, एकजण चुकीच्या पायावर वळला, मला फार बरं वाटलं. मग शाळेच्या पटांगणातच सभा. सतरंज्यांवर म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया, मागं लिंबाखाली सटवा. वाडीतली निम्मी दारं कुलपात. टेबलाशी ग्रामसेवक, मंगल आणि परमेश्वर. त्यांच्या अगदी समोर माझी खुर्ची. बंकटनं आधी माझा सत्कार केला. शाल, नारळ. माइकवर म्हणाला, आपल्या माळातलं लिथियम ज्यांनी ओळखलं ते हे गुरुजी. टाळ्या वाजल्या. अशी लाजिरवाणी शाल माझ्या खांद्यावर आजवर पडली नव्हती.

माळाचा विषय आला. परमेश्वर उठला, माइक घेतला. "सरपंचबाईचं म्हननं असं हाय की..." आणि बंकटनं ओसरीवर मांडलं होतं तेच सगळं तिच्या नावावर मांडलं. सरकार येणार, माळ जाणार, त्याआधी आपणच देऊ. लोक ऐकत होते. कुणी विरोध करेना. विरोध करणारे उसाच्या फडात होते.

तेवढ्यात लिंबाखालून सटवा म्हणाला, "सरपंचबाईचं म्हननं सरपंचबाईनं सांगावं की."

कुणीतरी हसलं. ग्रामसेवक म्हणाला, बरोबर आहे, अध्यक्ष त्याच आहेत. मंगलनं माइक हातात घेतला. उभी राहिली. तिनं माझ्याकडं बघितलं आणि लगेच नजर खाली. भोंग्यातून नुसती घरघर येत होती. बीडच्या वर्गात उभी होती तशीच उभी. परमेश्वर हसून माइकसाठी हात पुढं करत होता, आणि त्याचा तो पुढं आलेला हात बघून मला कळलं की उद्यापासून माळावर सुरुंग लागणार, आणि ते लावणार ही माझी खुर्ची.

मी उठलो. शाल खुर्चीवर ठेवली. "लघवीला जाऊन येतो," म्हणालो, जरा मोठ्यानंच. बायकांत खसखस पिकली. बंकट म्हणाला, गुरुजी, आत्ता कुठं? मी थांबलो नाही. शाळेच्या भिंतीमागं गेलो आणि तिथं, भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. भोंग्यातून घरघर चालूच. वाटलं, उशीर झाला.

मग तो आवाज आला.

"राम राम. म्या सरपंच मंगल बोलते. आत्ता जे सांगितलं ते माझं म्हननं न्हाई."

ती हळूहळू सुरू झाली आणि मग थांबलीच नाही. आपल्या माळात लिथियम नाही, म्हणाली. आपला दगड काळा, त्यात ते सापडायची आशा नाही, शिकवणाऱ्यांनी स्पष्ट सांगितलंय. सरकार माळ घेणार ही नुसती आवई आहे. ती कुणी उठवली ते सोडा. ज्यानं उठवली त्याच्या मनात पाप नव्हतं, ज्यांनी फिरवली त्यांचं मला माहीत नाही. मग खाणपट्टा म्हणजे काय ते तिनं सांगितलं, एकदा दिला की किती वर्षं परत मागता येत नाही ते सांगितलं, शाळेचं अंतर, विहिरीचं अंतर सांगितलं. आणि मग कुलूप लागलेल्या घरांची नावं घेतली. एकेका कुटुंबाचं नाव, त्यांची किती जनावरं माळावर चरतात, ते आता कोणत्या कारखान्यावर आहेत. हजेरी घ्यावी तशी. कुणीही "हजर" म्हणणारं नव्हतं.

"ही मानसं आल्याबिगर माळाचा इषय न्हाई. एक मेच्या सभेत घेऊ. ज्याला बोलायचं त्यानं तवा तोंडावर बोलावं."

परमेश्वरचा आवाज आला, माइकपासून लांब. "मंगल, खाली बस."

मग भोंग्यातून, अगदी शांतपणे, "सभेत सरपंच म्हना. घरी काय म्हनायचं ते म्हना."

बायका हसल्या, आधी एक, मग सगळ्याच. मी भिंतीमागं एकटाच हसत होतो आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. माझ्या शाळेतून कितीतरी वक्ते बाहेर पडले, काहींचे फोटो पेपरात येतात. त्यांच्यातल्या एकानंही असं वाक्य उच्चारलेलं मला आठवत नाही.

मला वाटलं माझं काम झालं, आता सभा संपेपर्यंत इथंच थांबावं. तेवढ्यात पुन्हा भोंगा.

"मामा, तिथं भिंतीमागं उभं राहू नका. आत या. ठरावाला हात वर करायचाय."

मामा. मला. दिपाली नाही, चौकट नाही. अख्ख्या वाडीसमोर.

मी गेलो. ती माइक धरून उभी होती, पदर डोक्यावर होता पण तोंड उघडं होतं, आणि तिनं नजर खाली केली नाही. मी मागं सटव्याजवळ सतरंजीवर जाऊन बसलो. तिनं विचारलं, विषय पुढं ढकलायच्या बाजूनं कोण? माझा हात पहिला वर गेला. परमेश्वर माझ्याकडं बघत होता. मी हात खाली घेतला नाही. मग सटवा, मग बायका, मग मागून एकेक.

मंगळवार, २७ जानेवारी

परमेश्वर न जेवता कारखान्याला गेला. जाताना माझ्या पाया पडला, पण बोलला नाही. एकाच मुलाचा बाप आहे मी, रात्रभर वाईट वाटत राहिलं. तो मुळात वाईट नाही. उसामागं फिरून कंटाळलाय, आणि त्याला एक दार दिसलं होतं. तो एक मेला येईल तेव्हा त्यालाही माझ्याशेजारी सतरंजीवर बसवीन.

बंकटनं माणूस पाठवून शाल परत नेली. नारळ मात्र दिपालीनं कालच फोडला होता.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

संस्कृतीबाईंचा फोन आला होता. गेवराईला वाळूच्या गावांसाठी नवा वर्ग सुरू होतोय आणि ग्रामसभेचा एक तास मंगलनं शिकवावा असं त्यांना वाटतं. शिकणारी नव्हे, शिकवणारी. वाडीतून आजवर एकच मास्तर निघाला होता.

संध्याकाळी मी ओसरीवर बसलो होतो. दिपाली घरातच होती, तरी मंगल स्वतः बाहेर आली. चौकटीला धरून उभी राहिली, पण बोलली माझ्याकडं बघून.

"मामा, गेवराईला संगं यायचं तर या. पर वर्गात मधीच कविता म्हनायची न्हाई."

मी बरं म्हणालो. सदरा इस्त्रीला टाकला आहे.